अर्धवट राहिलेली कोलोनोस्कोपी आणि त्यानंतरची सीटी कोलोनोग्राफी: एक प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहणाऱ्या 61 वर्षांच्या बाई. पोटाची तक्रार काहीच नाही. शौचावाटे रक्त नाही, वजन घटलेले नाही, भूक व्यवस्थित, हिमोग्लोबिन चांगले. मोठ्या बहिणीला 67व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, म्हणून मुलाने आग्रह धरला आणि पुण्यात कोलोनोस्कोपी ठरली. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध अशी एकत्रित गोळी चालू. चौदा वर्षांपूर्वी गर्भाशय काढलेला.

दुर्बिणीची नळी गुदाशयातून वर सिग्मॉइडपर्यंत, म्हणजे आतड्याच्या इंग्रजी एससारख्या वळणाऱ्या भागापर्यंत गेली आणि अडली. कूस बदलली, पोटावर हाताने दाब दिला, नळी मागे घेऊन पुन्हा पुढे नेली. जमले नाही. डॉक्टरांनी तपासणी थांबवली. बायोप्सी घेतली नव्हती, काही कापले नव्हते. कागदावर आले: ‘तपासणी अपूर्ण, सीटी कोलोनोग्राफीचा विचार करावा.’ लोक जिला व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी म्हणतात ती हीच.

हे प्रकरण एका विशिष्ट व्यक्तीची नोंद नव्हे. अशा रुग्णांच्या बाबतीत जे नेहमी घडते ते एकत्र करून मांडलेले आहे. वैद्यकीय तपशील मात्र जसेच्या तसे आहेत.

स्कोपी थांबवणे बरोबरच होते

घरच्यांना वाटले, डॉक्टरांचा हात बसला नाही. तसे नव्हते. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटात आतड्याचे पदर एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात. मोकळे असते तेव्हा सिग्मॉइड नळीबरोबर सरकते आणि सरळ होते. चिकटलेले असले की ते जागचे हलत नाही. नळी ढकलली की पुढे जाण्याऐवजी आतड्याला ताण बसतो, आणि ताण वाढत गेला तर भिंत फाटण्याचा धोका. अशा वेळी थांबणारा डॉक्टर रुग्णाचे भलेच करतो.

पण अर्धवट तपासणी म्हणजे ‘काही निघाले नाही’ असे नव्हे. इथे सुमारे 35 सेंटीमीटरच्या पुढचे आतडे कोणी पाहिलेलेच नव्हते. उजव्या बाजूचे आतडे तर पूर्ण बाकी. घरी आल्यावर ‘सुरुवातीचं सगळं चांगलं आहे म्हणाले’ एवढेच लक्षात राहते आणि विषय मागे पडतो, हे फार वेळा होते. अपूर्ण स्कोपीचा कागद हातात आला की त्याच वेळी दोन प्रश्न विचारावेत: नळी कुठपर्यंत गेली, आणि उरलेले कसे व केव्हा पाहायचे.

आणखी एक गोष्ट स्कोपीच्या आधीच विचारायला हवी होती. पूर्ण झाली नाही तर त्याच दिवशी सीटी करता येईल का? पोट साफ झालेलेच असते. गुंगी उतरल्यावर रुग्णाला आयोडीनयुक्त औषध पाजायचे, ते मोठ्या आतड्यात उतरेपर्यंत दोन-तीन तास थांबायचे आणि सीटी करायची. बायोप्सी खोलवर घेतली असेल किंवा मोठा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेला मांसल उंचवटा, काढला असेल तर मात्र हे करता येत नाही, कारण जखमी भिंतीवर वायूचा दाब नको. आपल्या रुग्णाच्या बाबतीत अशी अडचण नव्हती, पण त्या रुग्णालयात ही सोय नव्हती. तीन आठवड्यांनी दुसऱ्या केंद्रावर तारीख मिळाली, आणि सगळी तयारी पुन्हा पहिल्यापासून.

ही तपासणी कुणासाठी, कुणासाठी नाही

सीटी कोलोनोग्राफीत गुदद्वारातून एक बारीक रबरी नळी जेमतेम काही सेंटीमीटर आत ठेवतात, आतडे वायूने फुगवतात आणि सीटी मशीनवर पातळ कापांची चित्रे घेतात. ती चित्रे जोडून संगणक आतड्याचा आतला भाग उभा करतो. गुंगीचे औषध नाही, सलाईन बहुधा नाही, तासाभरात माणूस घरी जायला मोकळा. 1994 साली अमेरिकेत डेव्हिड व्हाइनिंग यांनी ही पद्धत पहिल्यांदा मांडली. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या राष्ट्रीय चाचणीत 15 केंद्रांवर अडीच हजारांहून अधिक लक्षणविरहित माणसे तपासली गेली. 10 मिमी किंवा त्याहून मोठे ॲडिनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणारे पॉलिप) अथवा कर्करोग असलेल्या शंभरातल्या सुमारे नव्वद जणांत सीटीने ते पकडले. 6 मिमीपर्यंत खाली आले की हेच प्रमाण अठ्ठ्याहत्तरच्या आसपास उतरते. 2010 साली राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी आपल्या आरोग्य तपासणीत हीच पद्धत निवडली होती, त्यामुळे गुंगी टळली. तेव्हा तिथली वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना मेडिकेअर या चाचणीचा खर्च देत नव्हती. 1 जानेवारी 2025 पासून ती देऊ लागली. ज्यांचे आई-वडील मुलांकडे अमेरिकेत स्थायिक आहेत आणि मेडिकेअरमध्ये आहेत, त्यांनी याची चौकशी जरूर करावी.

अमेरिकेच्या 2021 सालच्या शिफारशींत 45 ते 75 वयाच्या, सर्वसाधारण धोका असलेल्या लोकांसाठी दर पाच वर्षांनी सीटी कोलोनोग्राफी हा एक मान्य पर्याय आहे. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी अशी देशव्यापी चाळणी, म्हणजे लक्षणे नसलेल्यांची नियमित तपासणी, नाही. इथे जे होते ते कुटुंबात कुणाला आजार निघाल्यावर, किंवा डॉक्टरांनी सुचवल्यावर.

आपल्या रुग्णाच्या सख्ख्या बहिणीचे निदान साठीनंतर झाले होते. अशा वेळी चाळिशीपासून तपासणी सुरू करावी, पण सर्वसाधारण धोक्याच्या माणसाला असलेले पर्याय चालतात, असा अमेरिकी तज्ज्ञगटाचा सल्ला आहे. बहिणीचे निदान साठीच्या आत झाले असते तर दर पाच वर्षांनी कोलोनोस्कोपीच सांगितली असती. लिंच सिंड्रोम (आतड्याच्या कर्करोगाचा धोका खूप वाढवणारा आनुवंशिक दोष) किंवा आतड्यात शेकडो पॉलिप येणारा आनुवंशिक आजार घराण्यात असेल, आतड्याचा जुना दाह असेल, तर सीटी हा योग्य मार्ग नाही. शौचातून रक्त जात असेल, लोहाची कमतरता निघाली असेल किंवा शौचातल्या सूक्ष्म रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आली असेल, तर आधी कोलोनोस्कोपी, कारण तिथे पाहणे, तुकडा घेणे आणि काढणे एकाच वेळी होते. सीटी तेव्हा, जेव्हा स्कोपी शक्य नाही किंवा अपुरी राहिली.

पोटात तीव्र दुखणे व ताप, आतड्याला अडथळा, आतड्याच्या पिशव्यांना ताजा संसर्ग, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया, आतडे उतरलेला हर्निया, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर तारीख पुढे ढकला किंवा बेत बदला. आतडे फुटण्याचा धोका दहा हजार तपासण्यांमागे चारच्या आसपास, आणि तोही मुख्यतः अशा आजारी आतड्यांत.

तयारी: खरे काम इथेच होते

‘स्कोपी नको, सीटीवर भागतंय’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटते की जुलाबाचे औषध टळले. टळत नाही. सीटीतून टळते ते गुंगी आणि लांब नळी. पोट साफ करणे दोन्हीकडे सारखेच, उलट इथे एक औषध जास्त. आतड्यात राहिलेली विष्ठा सीटीवर पॉलिपसारखीच राखाडी दिसते. स्कोपीत डॉक्टर पाण्याच्या फवाऱ्याने ती धुऊन टाकतात. सीटीत धुणारे कोणी नाही.

आपल्या रुग्णाला दिलेला कार्यक्रम असा होता. दोन दिवस आधी कमी चोथ्याचे खाणे: मऊ भात, गाळलेले वरण, मैद्याचा पाव, अंडे, साल काढलेला उकडलेला बटाटा. पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, टोमॅटो, पेरू, वांगे, तीळ, जवस, शेंगदाणे, खोबरे बंद. लोहाची गोळी चालू असेल तर ती पाच-सात दिवस आधीच थांबवायची, कारण लोहामुळे विष्ठा काळी आणि चिकट होते. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक द्रव: बिनदुधाचा चहा, नारळपाणी, गाळलेले लिंबूसरबत, मीठ घातलेले वरणाचे निवळ पाणी. दुपारी बिसाकोडिलच्या 5 मिग्रॅच्या दोन गोळ्या. संध्याकाळी पाचपासून पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे दोन लिटर द्रावण, दर पंधरा मिनिटांनी एक मोठा पेला, साधारण 250 मिली. शौच पिवळट पाण्यासारखे झाल्यावर रात्री आयोडीनयुक्त औषध 50 मिली, पेलाभर पाण्यात मिसळून.

हे शेवटचे औषध सगळ्यात महत्त्वाचे, आणि तेच सगळ्यात जास्त वेळा चुकते. ते आतड्यात उरलेल्या पाण्यात आणि मळात मिसळते आणि सीटीवर त्यांना पांढरेशुभ्र करते. म्हणजे चित्रात जे पांढरे ते टाकाऊ, जे राखाडी ते आतड्याचे स्वतःचे. रेडिओलॉजिस्ट याला टॅगिंग म्हणतात. चव कडू आणि धातूसारखी. थंड करून, लिंबूसरबतात मिसळून घेतले तर जाते. हे औषध स्वतःही जुलाब करते, त्यामुळे ते घेतल्यावर आणखी दोन-तीनदा संडासला लागले तर घाबरू नये. आयोडीनच्या इंजेक्शनाची पूर्वी जोराची ॲलर्जी झाली असेल तर आधी सांगायचे. तोंडावाटे घेतलेल्यापैकी अगदी थोडे रक्तात जाते हे खरे, तरी बेरियमचे पातळ द्रावण हा दुसरा पर्याय असतो. सोडियम फॉस्फेटचे जुलाबाचे औषध साठी ओलांडलेल्यांनी, मूत्रपिंड किंवा हृदय कमकुवत असलेल्यांनी आणि लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्याने मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते.

मधुमेहाच्या गोळ्यांचा निर्णय रुग्णाने स्वतः घ्यायचा नाही. ग्लिमेपिराइड उपाशीपोटीही साखर खाली खेचते. म्हणून या बाईंना आदल्या सकाळपासून ती बंद, मेटफॉर्मिनही बंद, आणि ग्लुकोमीटरवर दिवसातून चार वेळा साखर पाहायला सांगितले. 70 च्या खाली गेली तर पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर. साखरपाणी पारदर्शकच असते, त्याने तयारी मोडत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची गोळी असती तर ती तीन-चार दिवस आधीच थांबवावी लागली असती, कारण उपवासात त्या गोळ्यांनी साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचते. रक्तदाबाच्या गोळीत लघवीचे औषध होते. जुलाबाच्या दिवशी त्याने शरीरातले पाणी आणखी कमी झाले असते, म्हणून तीही त्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याने गाळली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असती तर केवळ सीटीसाठी ती थांबवायची सहसा गरज नसते. हा या पद्धतीचा खरा फायदा, विशेषतः हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्यांसाठी.

आता चूक कुठे झाली ते. कमी चोथ्याच्या दोन दिवसांपैकी पहिला दिवस संकष्टीचा होता. सुनेने केंद्रावर फोन करून विचारले, “आईंचा उपास आहे, साबुदाण्याची खिचडी चालेल ना?” काउंटरवरून उत्तर आले, “हो, उपासाचं हलकंच असतं.” खिचडीत दाण्याचे भरड कूट होते, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू झाला. साबुदाणा विरघळतो, त्याचे काही नाही. दाण्याचे भरड तुकडे मात्र जसेच्या तसे खाली उतरतात, आणि ते टॅगिंगचे औषध घेण्याच्या खूप आधीच पोटात गेलेले असल्याने त्यांच्यात पांढरे औषध मुरत नाही. छापील यादीत ‘शेंगदाणे नकोत’ लिहिलेले होते, पण ‘उपासाचे पदार्थ’ असा शब्द त्यात कुठेच नव्हता. आपल्याकडे ही यादी देताना भगर, राजगिरा, दाण्याची आमटी, रताळे, खजूर यांची नावे घेऊन सांगायला हवे, आणि शक्यतो तारीख देतानाच पंचांग बघावे.

दुसरी गोष्ट प्रवासाची. घरी औषध पिऊन पहाटे सातारा सोडायचे आणि पुणे गाठायचे, असा पहिला बेत होता. तो मोडला हे बरे झाले. दोन लिटर द्रावण प्यायलेल्या माणसाला खंबाटकी घाटात आणि टोलच्या रांगेत संडास कुठे मिळणार? आदल्या दुपारीच पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम केला, संडास जवळ, सोबत घरचे माणूस.

टेबलावर

पूर्ण तपासणीला पंधरा ते वीस मिनिटे लागतात, प्रत्यक्ष चित्रे घ्यायला फार थोडी. आधी गुदद्वाराची बोटाने तपासणी, मग डाव्या कुशीवर झोपवून बोटापेक्षा बारीक, मऊ नळी आत. नळीच्या टोकाला छोटा फुगा असतो, वायू बाहेर येऊ नये म्हणून. कार्बन डायऑक्साइड यंत्रातून हळूहळू सोडला जातो आणि आतला दाब ठरावीक मर्यादेत, बहुधा 20 ते 25 मिमी पाऱ्याच्या आसपास ठेवला जातो. एकंदर तीन-चार लिटर वायू जातो. पोट ताठ वाटते, कळ येते, संडासला लागल्यासारखे होते. वायू रोखून ठेवायचा आणि हे संपणार आहे हे लक्षात ठेवायचे. काही केंद्रांत हाताच्या पंपाने साधी हवा भरतात. तीही चालते, पण साधी हवा आतड्यात रेंगाळते आणि संध्याकाळपर्यंत पोट फुगलेले राहते. कार्बन डायऑक्साइड रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे निघून जातो, अर्ध्या तासात मोकळे वाटते. केंद्र निवडताना हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आतड्याची आकडी कमी व्हावी म्हणून हायोसिन ब्युटाइलब्रोमाइड 20 मिग्रॅ शिरेतून देतात. काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडकणे, हृदयाचे ठोके अनियमित असणे, हे आधी सांगावे. इंजेक्शननंतर काही वेळ डोळ्यांना धूसर दिसू शकते, तेव्हा गाडी लगेच चालवू नये.

पहिली चित्रे उताणे झोपून, दुसरी पालथे झोपून, प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद श्वास रोखून. दोन स्थिती कशासाठी? आतड्यातले पाणी आणि मळ वजनाने खाली घरंगळतो, भिंतीला चिकटलेला पॉलिप घरंगळत नाही. शिवाय एका स्थितीत मिटलेला भाग दुसऱ्या स्थितीत उघडतो. या बाईंचे सिग्मॉइड दोन्ही स्थितींत एका जागी मिटलेलेच राहिले. चांगला तंत्रज्ञ इथे थांबत नाही. त्याने नळी काढण्याआधी रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून तिसरी मालिका घेतली, त्यात डावे आतडे वर आले, वायूने भरले आणि उघडले. तपासणी फुकट जाते ती बहुधा याच ठिकाणी. चित्रे न बघताच नळी काढली जाते, रिपोर्टमध्ये ‘सिग्मॉइड पुरेसे फुगलेले नाही’ असे येते, आणि रुग्णाला पुन्हा सगळा जुलाब.

किरणोत्सर्गाची भीती अनेकांना असते. वायू आणि आतड्याची भिंत यांत फरक इतका ठळक असतो की कमी मात्रेच्या किरणांवर काम भागते. सगळ्या मालिका मिळून साधारण 3 ते 6 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक). जगात निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतातच. साठीच्या माणसाने पाच वर्षांतून एकदा हे घ्यायला हरकत नाही. विशीतल्या माणसाची उगीच तपासणी करू नये, हेही तितकेच खरे.

पडद्यावर काय दिसले

रेडिओलॉजिस्टने आधी सपाट काप पाहिले, मग आतड्याच्या आतून फिरणारे त्रिमितीय चित्र, दोन्ही दिशांनी. कारण आतड्याच्या घड्यांच्या पाठीमागे लपलेले एका दिशेने दिसत नाही.

सिकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, उताण्या स्थितीत मागच्या भिंतीवर चार-पाच कण. त्यातला एक 7 मिमीचा, राखाडी, पांढरेपणा नाही. एवढेच पाहिले असते तर पॉलिप म्हणून नोंद झाली असती. पालथ्या स्थितीत तो कण समोरच्या भिंतीवर जाऊन बसलेला, बाकीचेही त्याच्यासोबत. मोजमापात घनता चरबीकडे झुकणारी. दाण्याचे कूट. दोन्ही स्थितींची जोडणी करून बघायला रेडिओलॉजिस्टचा बराच वेळ गेला, तो वाचवता आला असता.

त्याच्या थोडे वर, चढत्या आतड्यात, उलट प्रकार. उताण्या स्थितीत मागच्या बाजूला औषधमिश्रित पाण्याचे पांढरे तळे, आणि त्या पांढऱ्यात बुडालेला एक राखाडी उंचवटा. पालथे झाल्यावर पाणी पुढे गेले आणि उंचवटा मागच्या भिंतीला तिथेच, वरून औषधाचा बारीक पांढरा थर लागलेला, आतून सगळीकडे एकसारखा, हवेचा एकही बुडबुडा नाही. लांबी 12 मिमी. हा पॉलिप. रात्री ते कडू औषध घेतले नसते तर पाणीही राखाडी, पॉलिपही राखाडी, आणि उताण्या चित्रात तो पाण्याखाली गडप झाला असता.

रिपोर्टमधले अक्षर आणि आकडा

चांगल्या रिपोर्टवर सी-रॅड्स नावाच्या पद्धतीचा एक वर्ग असतो. आतड्यासाठी सी हे अक्षर. सी0 म्हणजे तपासणी अपुरी, पुन्हा करा. सी1 म्हणजे 6 मिमी किंवा मोठा पॉलिप नाही, पुढची चाळणी पाच वर्षांनी. सी2 म्हणजे 6 ते 9 मिमीचे एक किंवा दोन: तीन वर्षांनी पुन्हा सीटी, किंवा लगेच कोलोनोस्कोपी, दोन्ही रास्त. सी3 म्हणजे 10 मिमी किंवा मोठा, अथवा 6 ते 9 मिमीचे तीन किंवा जास्त: कोलोनोस्कोपी करायची. सी4 म्हणजे गाठ, कर्करोगाची दाट शंका.

5 मिमी आणि त्याहून लहान उंचवटे सहसा नोंदवलेच जात नाहीत. त्यांच्यात कर्करोग असण्याची शक्यता अगदी नगण्य, आणि त्यातले बरेचसे पॉलिपही नसतात. ‘नॉर्मल’ हा शब्द वाचताना रुग्णाला हे ठाऊक असावे, म्हणजे पुढे कधी स्कोपीत 4 मिमीचा निघाला तर ‘सीटीवाल्यांनी फसवलं’ असे वाटत नाही. भिंतीला सपाट चिकटलेले पॉलिपही सीटीत निसटू शकतात. त्यांच्यासाठीसुद्धा टॅगिंग उपयोगी, औषधाचा पातळ थर त्यांच्या पृष्ठभागावर बसतो आणि नजर तिथे थबकते.

या बाईंचा वर्ग सी3.

दुसरे अक्षर ई, आतड्याबाहेरच्या गोष्टींसाठी. सीटीत यकृत, मूत्रपिंडे, महाधमनी, मणके सगळेच येते. किरणे कमी आणि शिरेतून औषध नाही, म्हणून या अवयवांची चित्रे दाणेदार असतात आणि खात्रीने सगळे कळत नाही. इथे तीन गोष्टी लिहून आल्या. डाव्या मूत्रपिंडात साधी पाण्याची गाठ, पित्ताशयात त्रास न देणारा एक खडा आणि मूत्रपिंडाच्या वर असणाऱ्या उजव्या ॲड्रिनल ग्रंथीवर 14 मिमीचा उंचवटा. घरच्यांची झोप उडाली ती पॉलिपमुळे नव्हे, या तिसऱ्या ओळीमुळे. एमआरआय, दुसरे मत, मुंबईला नेऊ का, अशी धावपळ सुरू झाली. वास्तविक त्याच सीटीत त्याची घनता 4 हाउन्सफिल्ड (सीटीवर घनता मोजण्याचे एकक) मोजलेली होती. औषध न देता केलेल्या सीटीत एकसारखी आणि 10 किंवा कमी घनता म्हणजे चरबीयुक्त, निरुपद्रवी गाठ. तिच्यासाठी आणखी स्कॅनची गरज नव्हती. हे वाक्य रिपोर्टमध्ये शेवटी लिहिले असते तर दोन दिवसांचा घोर वाचला असता. अशा वेळी रुग्णाने रेडिओलॉजिस्टला थेट विचारावे: याला काही करायचे आहे की नुसती नोंद आहे?

पॉलिप निघाल्यावर

‘म्हणजे पुन्हा तीच नळी?’ बाईंचा प्रश्न साहजिक होता. आणि इथेच या तपासणीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. सीटी शोधते, काढत नाही. 10 मिमीच्या वर काही निघाले तर स्कोपी करायची की नाही, हे सीटीच्या आधी ठरवायचे असते. ‘काहीही निघो, मी स्कोपी करणार नाही’ असे ज्याचे पक्के आहे, त्याला सीटीतून चिंतेखेरीज फारसे काही मिळत नाही. या बाईंना ते आधी कोणी सांगितले नव्हते. सीटी झाली की सुटका, असेच त्या धरून चालल्या होत्या.

पण यावेळची स्कोपी पहिल्यासारखी आंधळी नव्हती. सीटीच्या चित्रात सिग्मॉइडचे वळण ओटीपोटात कुठे खिळले आहे आणि पुढे कसे वळते हे दिसत होते. तिथे अरुंदपणा किंवा गाठ नाही हेही कळले होते. पॉलिप कोणत्या भागात, कोणत्या भिंतीवर, तेही ठाऊक. अनुभवी एंडोस्कोपिस्टने लहान मुलांसाठी असते तशी बारीक, जास्त लवचीक नळी घेतली, हवेऐवजी पाणी भरत सिग्मॉइड पार केले. पाण्याने आतडे फुगत नाही, उलट जड होऊन सरळ बसते, म्हणून वळणे सोपी जातात. चढत्या आतड्यातला पॉलिप फासाने मुळापासून काढला. ऊतक तपासणीत निघाला ट्युब्युलर ॲडिनोमा, पेशींतला बदल सौम्य, कर्करोग नाही. कर्करोगात रूपांतर व्हायला अशा पॉलिपला बहुधा कितीतरी वर्षे लागतात, काही मात्र तिथे पोहोचतात. 12 मिमीवर असताना तो निघाला हे चांगले झाले.

10 मिमी किंवा मोठा ॲडिनोमा काढल्यावर पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी सांगतात. आता ती चाळणी राहिली नाही, पाठपुरावा झाला, म्हणून पाच वर्षांची सीटी इथे लागू नाही.

तारीख घेण्याआधी केंद्राला विचारायचे

पुण्या-मुंबईतही प्रत्येक सीटी सेंटर ही तपासणी करत नाही. काही ठिकाणी पोटाची साधी सीटी, गुदद्वारातून औषध सोडून करतात आणि नाव तेच देतात. ती ही नव्हे. विचारावे: कार्बन डायऑक्साइडचे यंत्र आहे का, टॅगिंगचे औषध तुम्ही देता की बाहेरून आणायचे, किमान दोन स्थितींत चित्रे घेता का, वाचणारे रेडिओलॉजिस्ट ही तपासणी नियमित करतात का, रिपोर्टवर सी-रॅड्स वर्ग लिहिता का. एकंदर खर्च एका आकड्यात विचारावा: सीटी, नळीचा संच, इंजेक्शन, औषध आणि सीडी सगळे धरून. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी दाखल न होता केलेल्या चाचणीचे पैसे देत नाहीत. एजंटच्या तोंडी शब्दावर न जाता कंपनीला लेखी विचारावे.

सीडी किंवा पेनड्राइव्ह घ्यावाच. फिल्मवरच्या ठरावीक चित्रांवरून दुसऱ्या डॉक्टरला काहीही शोधता येत नाही, त्याला सगळे काप लागतात. बाईंच्या दुसऱ्या स्कोपीच्या वेळी सिग्मॉइडचा नकाशा मिळाला तो याच सीडीवरून.

तपासणीनंतर घरी आल्यावर पोटात सतत वाढणारी कळ, ताप, खांद्यात दुखणे किंवा शौचावाटे रक्त असे काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. साधा फुगलेपणा फिरल्याने, वायू सरल्याने जातो. तोंडावाटे खाणे लगेच सुरू करता येते, ग्लिमेपिराइड मात्र पोटभर जेवण झाल्यावरच.

मुलाचे वय 38. आईला साठीनंतर मोठा ॲडिनोमा निघाला, म्हणून त्याने चाळिसाव्या वर्षी स्वतःची पहिली तपासणी करायची आहे. त्याचे आतडे शस्त्रक्रियेने चिकटलेले नाही, तेव्हा त्याने कोलोनोस्कोपीपासून सुरुवात करावी असे आमचे मत. आईच्या ऊतक तपासणीच्या कागदाची प्रत त्याने स्वतःच्या फाइलमध्ये लावून ठेवली आहे, कारण त्याच्या डॉक्टरला लागणार ते तीच: पॉलिप किती मिमीचा, कोणत्या जातीचा आणि आईचे वय तेव्हा किती.